जगण्याचे शिक्षण आणि दलित आत्मकथने

शाळकरी मुलामुलींना 'जीवनकौशल्ये' शिकविली पाहिजेत असा एक आग्रह गेली पंचवीस-तीस वर्षे आपल्या शिक्षणव्यवहारात धरला जात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात अशा दहा कौशल्यांची यादी केली. स्वतःची ओळख, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणे, समस्या सोडविणे, संवाद, परस्परसंबंध, ताण पेलणे आणि भावना सांभाळणे अशी ती यादी आहे. शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गांतून, मार्गदर्शिकांतून ती आपल्याकडे झिरपली. तिच्या जोडीला शहरातल्या सुस्थित पालकांची आणखी एक यादी असते. अठराव्या वर्षी घर सोडण्यापूर्वी मुलाला वरणभात लावता आला पाहिजे, स्वतःचे कपडे धुता आले पाहिजेत, बँकेचे खाते सांभाळता आले पाहिजे, खोलीचा भाडेकरार वाचता आला पाहिजे. यात वावगे काही नाही. मुलाने आपल्या पायांवर उभे राहावे हे कोणाला नको असेल? परंतु कोणतीही यादी कोणत्या तरी विशिष्ट मुलाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. या याद्यांमागचा मुलगा आईच्या हातचे आयते जेवलेला आहे, त्याला स्वतःची खोली आहे, बापाचे बँकेत खाते आहे आणि घरमालकाने त्याला आजवर आडनाव विचारून दारातून परत पाठविलेले नाही. त्याला जे येत नाही ते सर्वांनाच येत नाही, असे गृहीत धरून अभ्यासक्रम तयार होतो.

मराठीत या प्रश्नावर एक फार मोठा दस्तऐवज उपलब्ध आहे. तो म्हणजे दलित आत्मकथने. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ चे, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे, शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ चे. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. या पुस्तकांवर आपण उदंड लिहिले. वेदना, विद्रोह, नकार या तीन शब्दांभोवती आपली समीक्षा दोन पिढ्या फिरत राहिली. ते आवश्यकच होते, कारण प्रस्थापित समीक्षेला या लेखनात अनुभव दिसत होता, पण मूल्य दिसत नव्हते. मात्र त्या गडबडीत एक साधी गोष्ट आपल्या नजरेतून निसटली. ही सारी पुस्तके दहा ते वीस या वयातल्या मुलामुलींची आहेत. बाप नाही, किंवा असून नसल्यासारखा आहे, आईला अक्षर ओळखता येत नाही, आणि एक पोर एकट्याने तालुक्याच्या गावी, बोर्डिंगात, कचेरीत, शहरात जगायला शिकते आहे. हे शिकणे कसे झाले, काय जमले आणि काय शेवटपर्यंत जमलेच नाही, या दृष्टीने ही पुस्तके आपण वाचलेली नाहीत. ज्यांच्यासाठी ती आज सर्वांत उपयोगी आहेत त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपर्यंत ती परीक्षेतल्या टीपेच्या रूपानेच पोहोचतात, हा त्याचाच परिणाम.

पहिली गोष्ट ही की, या मुलांना हाताची कामे शिकवावी लागत नाहीत. ती त्यांना नको तितकी येतात. 'बलुतं'मध्ये दया पवारांनी महाराच्या वाट्याच्या कामांची मोजदाद केली आहे. सरकारी सारा तालुक्याला पोचविणे, गावात आलेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, त्याच्या जनावरांची निगा राखणे, दवंडी देणे, मयताची खबर परगावी नेणे, मेलेले ढोर ओढणे, लाकडे फोडणे. ही यादी कौशल्यांचीच आहे. वाट चुकू नये, निरोप विसरू नये, जनावर बुजू नये याला अक्कल लागते. 'उपरा'तल्या कैकाड्याच्या पोराला गाढव हाकणे, फोक तोडणे, बिऱ्हाड बांधणे आणि मोडणे हे पाटी-पुस्तकाच्या आधी कळते. 'आठवणींचे पक्षी'तला आईबापांविना वाढलेला मुलगा बहिणीच्या घरी राहतो. पोटाला घास मिळावा म्हणून कोणते काम कोणाच्या नजरेसमोर करावे याचे त्याला आलेले भान कोणत्याही 'निर्णयक्षमते'च्या धड्यात सापडणार नाही.

जातिव्यवस्था ही जगण्याचे शिक्षण देणारी या देशातली सर्वांत जुनी आणि सर्वांत कार्यक्षम शाळा होती. तिच्यात गळती नव्हती. प्रत्येक पोराला बापाचा धंदा शिकवूनच ती बाहेर काढी, किंबहुना बाहेर काढीतच नसे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या निबंधात जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे असे मांडले, ते या शाळेचे खरे वर्णन आहे. म्हणून 'व्यावहारिक शिक्षण' हा शब्द उच्चारला की दलित वाचकाच्या मनात संशय उभा राहतो. तो निराधार नाही. मद्रास प्रांतात १९५३ साली राजगोपालाचारींच्या सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळेचे तास निम्म्यावर आणले आणि उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा व्यवसाय शिकावा अशी योजना काढली. पेरियार आणि त्यांच्या अनुयायांनी तिला 'कुलकल्वी' म्हणजे कुळाचे शिक्षण असे नाव दिले आणि रान उठविले. १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. चांभाराच्या पोराने अर्धा दिवस चप्पल शिवावी आणि पुरोहिताच्या पोराने अर्धा दिवस मंत्र म्हणावेत, असाच त्या योजनेचा व्यवहारातला अर्थ होता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे म्हटले आहे. त्याला मी राजाजींच्या योजनेच्या पंक्तीला बसविणार नाही, कारण येथे सर्वांनी सर्व शिकावे असा निदान कागदावरचा हेतू आहे. तरी एक फरक राहतोच. बँक मॅनेजरच्या मुलासाठी कुंभाराचे चाक ही दहा दिवसांची मौज असते, कुंभाराच्या मुलीसाठी ते घर असते. तिला त्या दहा दिवसांत बँक मॅनेजरच्या टेबलापाशी कोण बसविणार? (धोरणाच्या उदाहरणांत मेलेले ढोर ओढणारा नाही आणि गटारात उतरणारा नाही. असावा असे माझे म्हणणे नाही. पण 'स्थानिक व्यवसाय' म्हणताना आपण काय वगळतो तेही बघावे.)

बाबासाहेबांना हाताचे शिक्षण नको होते असा याचा अर्थ कोणी काढू नये. १९४२ च्या ऑक्टोबरात त्यांनी सरकारला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी जे निवेदन दिले त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या तर मागितल्याच, शिवाय सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने येथे अस्पृश्य मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे अशीही मागणी केली. छापखाना आणि रेल्वे! जिथे बापाचा धंदा मुलाची वाट पाहत बसलेला नाही असे कसब त्यांना हवे होते. कोणते कसब माणसाला त्याच्या जागेवरून हलविते आणि कोणते त्याला जागेवर खिळवून ठेवते, हा भेद आज कौशल्यविकासाच्या गदारोळात पूर्णपणे विसरला गेला आहे.

हाच वाद अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी आपल्या आधी घातला होता. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखडे आणि पुढे जनार्दन वाघमारे यांनी तिकडच्या साहित्याची ओळख करून दिली. त्या वेळी आपण त्यातले विद्रोही कवी तेवढे उचलले. बुकर टी. वॉशिंग्टन मागे राहिले. त्यांचे १९०१ चे आत्मचरित्र पुन्हा वाचण्यासारखे आहे. गुलामीत जन्मलेला हा मुलगा १८७२ साली सुमारे पाचशे मैलांचा प्रवास करून, वाटेत मजुरी करून, फुटपाथखाली झोपून हॅम्प्टनच्या शाळेत पोचतो. प्रवेशपरीक्षा म्हणून मुख्य शिक्षिका त्याला एक खोली झाडायला सांगतात. तो ती तीन वेळा झाडतो, चार वेळा पुसतो. बाई रुमाल फिरवून पाहतात, धुळीचा कण सापडत नाही, प्रवेश मिळतो. तिथे त्याला पहिल्यांदा पलंगावर दोन चादरी मिळतात. त्यांचे काय करायचे हे त्याला ठाऊक नाही. पहिल्या रात्री तो दोन्ही चादरींखाली झोपतो, दुसऱ्या रात्री दोन्हींच्या वर झोपतो, मग इतर मुलांकडे चोरून बघून शिकतो.

चादरीचा हा प्रसंग आपल्या कोणत्याही वसतिगृहातल्या मुलाला सांगून बघावा. त्याला तो समजावून द्यावा लागणार नाही. विचारले तर अडाणी ठरू आणि न विचारले तर चूक होईल या कोंडीत तोही राहिलेला असतो. पण वॉशिंग्टन यांनी खोली झाडण्याच्या परीक्षेतून जो निष्कर्ष काढला तो आपल्याला परवडणारा नाही. टूथब्रश, साबण, विटा भाजणे आणि सुतारकाम यांतून काळा माणूस उपयुक्त ठरेल आणि उपयुक्त ठरला की गोरा समाज त्याला हळूहळू मानाने वागवील, असा त्यांचा विश्वास होता. टस्कीगीत त्यांनी १८८१ पासून तसे शिक्षण दिले आणि विद्यार्थ्यांच्या हातांनी इमारती उभ्या केल्या. ड्यू बॉइस यांनी १९०३ साली यावर जो हल्ला चढविला त्याचा मुद्दा असा होता की, मताधिकार, नागरी समता आणि उच्च शिक्षण सोडून मिळविलेले कसब राखता येत नाही. आपल्याकडची परिस्थिती तर याहून विचित्र. झाडण्याची परीक्षा आपल्या आयाबहिणी पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या नंबराने उत्तीर्ण होत आल्या. त्यांना कोणत्या शाळेत प्रवेश मिळाला?

आपल्याकडे हा तिढा वसतिगृहाने वेगळ्या तऱ्हेने सोडविला. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०८ साली निघालेले मिस क्लार्क बोर्डिंग, बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात काढलेले वसतिगृह, साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवून चालविलेले आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' म्हणून नामकरण झालेले वसतिगृह, ही सारी जगण्याचे शिक्षण देणारी ठिकाणे होती. भाऊरावांच्या बोर्डिंगात मुले स्वतः स्वयंपाक करीत, पाणी भरीत, शेतात राबत. त्यातला स्वयंपाक महत्त्वाचा नाही, तो एकत्र करून एकत्र जेवणे महत्त्वाचे. मराठ्याच्या मुलाने महाराच्या मुलाच्या हातची भाकरी खाल्ली की भाकरी थापणे हे घरकाम उरत नाही, ते जातीवर घाव घालणारे कृत्य होते. कौशल्य आणि हक्क येथे एकाच चुलीवर शिजले. टस्कीगीत हे नव्हते आणि आजच्या कार्यपुस्तिकांतही नाही.

मराठवाड्यात हे काम मिलिंदने केले. निजामी राजवट संपून दोन वर्षे होत नाहीत तोच १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले. नागसेनवनात आलेल्या मुलांच्या घरात आधी कोणी शाळेची पायरी चढलेले नव्हते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले आणि चिटणीसांचे 'युगयात्रा' नाटक इथल्याच मुलांनी उभे केले. सोनकांबळे येथे शिकले आणि येथेच इंग्रजीचे अध्यापक झाले. वसतिगृहात घंटा झाली की उठायचे, ताटाला रांग लावायची, शिष्यवृत्ती येईतो खाणावळीची उधारी कशी ठेवायची, एका कंदिलाभोवती चौघांनी कसे वाचायचे, सभेत उभे राहून न अडखळता कसे बोलायचे, हे सारे अभ्यासक्रमाबाहेरचे शिक्षण होते. मराठवाड्यातल्या दलित समाजाला पहिले शिक्षक, वकील, कारकून, लेखक याच शिक्षणाने दिले. नामांतराच्या लढ्यात, १९७८ साली विधिमंडळाचा ठराव झाल्यावर जेव्हा खेड्यापाड्यांत वस्त्या जळाल्या, तेव्हा मोर्चा काढणे, पत्रक लिहिणे, जामीन मिळविणे ही 'जीवनकौशल्ये' याच मुलांच्या कामी आली. १४ जानेवारी १९९४ पर्यंत सोळा वर्षे ती कामी येत राहिली.

वसतिगृहाचे एवढे गुणगान केल्यावर त्याने काय शिकविले नाही तेही बोलले पाहिजे. आपण ते बोलत नाही.

कागदापासून सुरुवात करू. 'अक्करमाशी'त फीमाफीच्या फॉर्मचा प्रसंग आहे. फॉर्मवर बापाची आणि सरपंचाची सही हवी. आई महार, जन्मदाता पाटील, घरात आजीसोबत राहणारा आधार देणारा माणूस मुसलमान. या मुलाला कोणाचा म्हणून ओळखावे असा सरपंचाला प्रश्न पडतो. समीक्षेने या प्रसंगाला 'अस्मितेचा शोध' असे भारदस्त नाव दिले आहे. ते खरेही असेल. पण हा प्रसंग आधी फॉर्मचा आहे. फॉर्म वेळेत भरला नाही तर फी भरावी लागेल, फी नाही म्हणजे शाळा नाही. कोणत्या रकान्यात काय लिहायचे, बाप नसेल तर पालक म्हणून कोण सही करू शकतो, सरपंच नाही म्हणाला तर कोणाकडे जायचे, हे त्या मुलाला सांगणारे कोणी नव्हते. आज सरपंचाच्या जागी संगणकाचा पडदा आला आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातपडताळणी, आधारशी जोडलेले खाते, महाडीबीटीवरचा अर्ज. पडदा जात विचारून तोंड वाकडे करीत नाही, ही सुधारणा खरीच. पण आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आणि बापाच्या दाखल्यावर आडनाव वेगळे निघाले की बारावीतला मुलगा तहसील ते पडताळणी समिती अशा खेपा घालू लागतो. समीकरण सोडविता येते, इंग्रजी निबंध लिहिता येतो, पण सहपत्रांसह अर्ज कसा करावा, पोच कशी घ्यावी, नकार आला तर तो लेखी मागावा, हे कोणी शिकविलेले नसते. पोच घेणे हे आपल्या समाजाच्या दृष्टीने पहिल्या प्रतीचे जीवनकौशल्य आहे. दहांच्या यादीत ते नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. मराठी साहित्यात घर सोडून कमावता झालेल्या तरुणाची सर्वांत भेदक कथा बाबूराव बागूलांनी लिहिली. 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ साली आली. रेल्वेत नोकरी लागून एक तरुण गुजरातेत उधन्याला येतो. त्याच्यापाशी सारे काही आहे. शिक्षण आहे, पगार आहे, वाणी आहे, उमेद तर ओसंडून वाहते आहे. आजच्या कोणत्याही चाचणीत त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. एकच गोष्ट नाही, राहायला खोली. खोलीसाठी जात विचारली जाते आणि तो ती लपवितो. त्याच्या विद्येमुळे लोक त्याला मान देतात, आपल्या घरी बोलावतात, आणि जात उघडी पडताच त्याच माणसांचे हात त्याच्यावर पडतात. त्याला सोडवायला धावतो तो काशिनाथ, आपली जात न लपविणारा, अंगावर येणाऱ्याला शिंगावर घेणारा दुसरा दलित कामगार. बागूलांनी या दोघांना समोरासमोर उभे केले आणि कोणाचे वागणे बरोबर असा निवाडा दिला नाही. कथेचे मोठेपण त्यात आहे. पहिल्याचे संवादकौशल्य उत्तम आहे, तेच त्याला खड्ड्यात घालते. दुसऱ्याला 'भावना आवरता' येत नाहीत, म्हणून तो पहिल्याला वाचवू शकतो. दहा कौशल्यांचे पुस्तक या कथेसमोर ठेवले की त्यातले एकेक पान गळून पडते.

कथा म्हणून कोणी ती बाजूला सारू नये. १९१७ च्या सप्टेंबरात बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा कोलंबियात शिकून आले होते, लंडनचा अनुभव घेऊन आले होते. त्यांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशांच्या विश्रामगृहात पारशी नाव घेऊन ते राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. दोन मित्रांकडे, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, त्यांनी आसरा मागितला. दोघांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. मग कामाठी बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे आणि त्यांच्याच सोसायटीने ते १९९० साली पुस्तिका म्हणून छापले. स्वावलंबनात बाबासाहेबांपेक्षा कोण पुढे होते? परदेशात अर्धपोटी राहून, पै पैचा हिशेब ठेवून, ग्रंथालयात दिवस काढून ते आले होते. कमी पडले ते बडोदे.

हे आज का आठवायचे? शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू केली. जेवण, निवास आणि इतर खर्चाची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. योजना चांगली आहे, हजारो मुले तिच्यामुळे शिकली असतील. पण तिने एक बदल घडविला, त्याकडे आपले लक्ष गेले नाही. पूर्वी सोळा-सतरा वर्षांचा मुलगा नागसेनवनात यायचा तेव्हा त्याला खोली, ताट आणि सोबती एकदमच मिळत. आता पैसे मिळतात आणि खोली त्याने शोधायची असते. म्हणजे बडोद्याचा आणि उधन्याचा प्रसंग ज्या वयात येऊ नये त्या वयात, एकट्यावर येतो. घरमालक हल्ली जात विचारीत नाही. तो 'पूर्ण नाव' विचारतो, 'मांसाहार करता का' विचारतो. शिवाय रक्कम उशिरा आली तर भाडे थांबत नाही. रोहित वेमुलाने १७ जानेवारी २०१६ रोजी मागे ठेवलेल्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या शिष्यवृत्तीचा उल्लेख आहे. 'ताण पेलणे' या कौशल्याचा धडा त्या सात महिन्यांपैकी नेमक्या कोणत्या महिन्यात द्यायला हवा होता?

तिसरी गोष्ट घरातली आहे, आणि ती बोलताना आपल्यातल्या पुरुषांची जीभ जड होते. बेबी कांबळे यांनी आठ-नऊ वर्षांच्या सुनांचे जे वर्णन केले आहे ते जीवनकौशल्याच्या शिक्षणाचेच वर्णन आहे. पहाटे उठून दळायचे, ढीगभर भाकऱ्या थापायच्या, आणि भाकरी जमली नाही की सासूने शेजारणी गोळा करून सुनेचे धिंडवडे काढायचे. त्या मुलीला स्वयंपाक येतो, शिवणटिपण येते, आजाऱ्याची सेवा येते. तिला येत नाही ते स्वतःच्या नावाचा पैसा हाती धरणे आणि घराबाहेरचा रस्ता. बेबीताईंनी पुढे फलटणला छोटे दुकान चालविले, सामान बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचले आणि नवऱ्याच्या नकळत लिहिले. दुकानाचा हिशेब आणि लेखन या दोन्ही गोष्टी त्यांना कोणत्याही वसतिगृहाने दिल्या नाहीत. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) बाप गेल्यावर आई बांबूच्या टोपल्या विणून पोरे शिकविते. जातीचे कसब तिथे मुलांना जातीच्या कसबातून बाहेर काढण्यासाठी राबते. पुरुषांच्या आत्मकथनांत असे हिशेब क्वचितच सापडतात. मुलगा बोर्डिंगात शिकत असतो, आणि गावाकडून येणारे पीठ कोणाच्या जात्यावरचे आहे हे ओझरते येऊन जाते.

दया पवारांनी मात्र स्वतःला सोडलेले नाही. 'बलुतं'मधले सईचे प्रकरण मला या सर्व पुस्तकांतला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. संगमनेरच्या बोर्डिंगात राहून शिकलेला, मुंबईत नोकरीला लागलेला, चळवळीच्या हवेत वावरणारा दगडू पवार बायकोवर संशय घेतो आणि संसार मोडतो. त्याला दाखला मिळविता येतो, नोकरी टिकविता येते, भाषण समजते, कविता करता येते. बायकोशी माणसासारखे वागता येत नाही. त्या काळी या भागावर आपल्यातच कुरकुर झाली. समाजाची अब्रू वेशीवर टांगली, असे म्हणणारे अजूनही भेटतात. मला उलट वाटते. वसतिगृहाने मुलाला गावातून उचलले आणि सभेत उभे केले, पण त्याला घरात कसे वागायचे हे सांगितले नाही, याची एवढी स्वच्छ कबुली दुसऱ्या कोणी दिली नाही. त्या कबुलीकडे आपल्या समीक्षेने 'खाजगी' म्हणून पाठ फिरविली. दहांच्या यादीतले परस्परसंबंधांचे कौशल्य जर कुठे खरोखर हवे असेल तर ते आपल्या मुलांच्या वसतिगृहांत हवे आहे, हेही येथे मान्य केले पाहिजे. यादी परकी असली तरी तिच्यातली ही एक ओळ आपल्या कामाची आहे.

तेव्हा अकरावी-बारावीच्या मुलामुलींबरोबर काम करणाऱ्या शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझे सुचविणे असे की, कार्यपुस्तिका शोधत बसण्यापेक्षा ही पुस्तके घेऊन बसावे. लिंबाळ्यांचा फॉर्मचा प्रसंग वाचावा आणि त्याच बैठकीत प्रत्येकाकडून एक खरा अर्ज लिहून घ्यावा, सहपत्रांची यादी करून, पोच घेण्यासह. बागूलांची कथा वाचावी आणि प्रत्यक्ष भाडेकरार समोर ठेवावा. अनामत किती, सूचनेची मुदत किती, पावती कोणाच्या नावाची, हे ओळ ओळ वाचावे. 'जिणं आमुचं'ची पाने मुलांनी वाचावीत आणि त्या आठवड्याचा स्वयंपाकही मुलांनीच करावा. मुलींनी त्या वेळात पासबुक घेऊन बँकेत जावे. 'बलुतं'चा सईचा भाग मुले आणि मुली एकत्र बसलेल्या वर्गात वाचावा. शिक्षकाला संकोच वाटेल. वाटू द्यावा.

अशा एखाद्या बैठकीत उधन्याच्या खोलीवर बोलणे चालले असताना कोणी तरी नक्की विचारील की, सर, उद्या मी खोली बघायला गेलो आणि आडनाव विचारले तर सांगू की नको? या प्रश्नाला तयार उत्तर माझ्यापाशी नाही आणि शिक्षकाने ते घाईने देऊही नये. खोली बघायला त्या मुलाला एकटे न पाठविता वसतिगृहातल्या दोघांनी त्याच्याबरोबर जावे, एवढे मात्र त्याच दिवशी ठरविता येईल.